ताटं परत येतात तेव्हा

माझी सगळी नोकरी वजनकाट्याजवळ गेली. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते. वाशाला सॉल्टरचा काटा अडकवायचा, झोळीत मूल बसवायचं, त्याचं रडणं थांबून काटा स्थिरावला की आकडा वाचायचा आणि वृद्धिपत्रकावर टिंब द्यायचं. टिंब मागच्या महिन्यापेक्षा खाली उतरलं तर त्याच दिवशी त्या घरी जायचं. पुढे दंडाची पट्टी आली. दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की मूल तीव्र कुपोषित. १९९२ साली वावर-वांगणीचे बालमृत्यू राज्यभर गाजले. त्यानंतर त्या भागात नोकरीला लागलेल्या आम्हा बायकांच्या मनावर एक गोष्ट कोरली गेली, की मूल हाडकुळं दिसायला लागतं तोवर उशीर झालेला असतो. काट्यावर ते कितीतरी आधी कळतं.

निवृत्तीनंतर आम्ही नाशिकला आलो. त्याच सुमारास वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, पेन्शन होती, मूलबाळ नव्हतं. भावाकडे राहायला त्यांनी स्पष्ट नकार दिला आणि आश्रम स्वतः पाहून निवडला. जागा हवेशीर, फरशा लख्ख, प्रार्थनेची खोली, आंब्याची झाडं. आम्ही अधूनमधून भेटायला जायचो, बहुतेक वेळा दुपारी चारच्या चहाला. चहाच्या वेळी सगळेच बरे दिसतात. अंगावर इस्त्रीची साडी असते, गप्पा असतात.

एकदा जरा लवकर गेले तर त्या अंघोळ करून नुकत्या बाहेर येत होत्या. साखळीच्या पट्ट्याचं त्यांचं ते जुनं घड्याळ मनगटावर थांबत नव्हतं, पार कोपराकडे सरकलं होतं. खुर्चीतून उठताना त्यांनी दोन्ही हात टेकले, एकदा उठायचा प्रयत्न फसला, दुसऱ्यांदा उठल्या. बोलताना कवळी खडखडत होती. साडी वर खोचलेली होती म्हणून पोटऱ्या दिसल्या. मी पाड्यावरच्या बायकांच्या इतक्या बारीक पोटऱ्या पाहिल्या आहेत, पण त्या दिवसभर डोंगर चढणाऱ्या बायका.

“वन्सं, जेवण जातंय ना?”

“जातं की. भरपूर असतं गं इथे.”

व्यवस्थापकांकडे गेले. शांतपणे ऐकून घेणारे गृहस्थ आहेत. वन्संची फाइल त्यांनी लगेच काढून दिली. दाखल होतानाच्या अर्जावर वजन ४६ किलो. पुढच्या पानांवर दर महिन्याला डॉक्टर येऊन गेल्याच्या नोंदी होत्या, रक्तदाब, साखर, गोळ्यांची नावं, सगळं नीट तारीखवार. वजनाचा रकाना पहिल्या पानानंतर रिकामा. आश्रमात काटाच नव्हता. मी बाजारातून साधा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, सपाट फरशीवर ठेवला, वन्संना हाताला धरून उभं केलं. ३८ किलो. म्हणजे सव्वा वर्षात सतरा टक्के वजन गेलं होतं आणि दर महिन्याला तपासणी होत होती.

वृद्धांच्या बाबतीत डॉक्टर मंडळी ढोबळ हिशेब सांगतात तो असा: महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप उतरलं, तर ते गंभीर समजायचं. अमेरिकेतल्या नर्सिंग होमना एवढी घट झाली की तशी नोंद करावीच लागते. आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात चरितार्थाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार हे चारही आहेत, प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण दिलेलं अन्न अंगी लागतं का, हे बघायचं कोणी? पाच वर्षांच्या आतल्या मुलासाठी या देशात अंगणवाडी आहे, तिचा काटा आहे, रजिस्टर आहे, माझ्यासारख्या बायकांची फौज आहे. २०१७-१८ साली झालेल्या ‘लासी’ या वार्धक्याविषयीच्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे २७ टक्के लोक कमी वजनाचे निघाले. ही पाहणी घरोघर झाली. आश्रमात राहणारे त्या मोजणीत आलेच नाहीत.

व्यवस्थापक म्हणाले, “ताई, आमच्याकडे जेवण कोणाला कमी पडत नाही. तुम्ही स्वतः बघा.” मी बघितलं. कोठी पाहिली. तांदूळ चांगला, तूरडाळ चांगली, तेल शेंगदाण्याचं. भाजी रोज ताजी. स्वयंपाकाच्या मावशी हाताने चोख. चोरीमारी नाही, काटकसरीच्या नावाखाली उपाशी ठेवणं नाही. ताट भरून जात होतं. म्हणून मी परत येणारी ताटं बघायचं ठरवलं.

जेवणघराच्या मागच्या दाराशी खरकट्याची बादली असते. ती बादली शेजारच्या गोठ्यात जाते. मावशींची परवानगी घेऊन मी तिथे स्टूल टाकून बसले. पोळ्यांचे काठ, नुसते काठच काठ, मधला मऊ भाग खाऊन टाकलेले. गवारीचे चावून बाहेर काढलेले चोथे. उसळीतली अख्खी मटकी, वरचा रस्सा तेवढा प्यायलेला. काकडीच्या फोडी जशाच्या तशा. भाताचे ढीग. आणि दह्याची वाटी मात्र प्रत्येक ताटात चाटूनपुसून रिकामी, वरणाची वाटी रिकामी. ज्या दिवशी कढी असे त्या दिवशी कढीचा थेंब बादलीत नसे. जे गिळता येत होतं ते सगळं पोटात गेलं होतं. जे चावावं लागत होतं ते परत आलं होतं.

मग वरणात काय आहे ते पाहिलं. डाळ चांगली, पण सत्तर वाट्या पुरवायच्या म्हणून पातळ. एका वाटीत तीन ग्रॅम प्रथिनं असतील तर पुष्कळ. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिनं हवीत, आजारी असेल तर त्याहून जास्त. ४६ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. मी कागदावर मांडणी केली: सकाळचे पोहे, दोन पोळ्या, भात, वरण, भाजी, दही, दोन वेळचा चहा, रात्रीची खिचडी. सगळं ताट संपवलं तरी जेमतेम तिशीपर्यंत आकडा पोचत होता, आणि ताट तर अर्धं परत येत होतं.

कवळीचं मला फार वाईट वाटलं. वजन उतरलं की हिरड्याही झिजतात, कवळी सैल होते, टोचते. मग माणूस पोळी सोडतो, उसळ सोडतो, पेजेवर येतो. त्याने वजन आणखी उतरतं आणि कवळी आणखी सैल होते. वन्संची कवळी आठ-नऊ वर्षांची जुनी होती. जेवताना त्या ती काढून रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवत. शेजारच्या बाईंना दिसू नये म्हणून पदराखाली. मी कितीदा त्यांच्यासोबत चहा प्यायले, पण चहाला कवळी काढावी लागत नाही.

पाण्याची गोष्ट त्यांनी फार नंतर सांगितली.

“पाच वाजल्यानंतर मी पाणी घेत नाही,” त्या म्हणाल्या.

“का हो?”

“रात्री उठावं लागतं. एकटी गेले तर पडायची भीती. बेल वाजवावी तर ती पोर बिचारी दिवसभर राबून नुकती पाठ टेकलेली असते. मग मीच बेतानं घेते.”

“आणि जेवण?”

“तेही बेतानंच. जेवण जास्त झालं की पाणी लागतं ना.”

मी इतर बायकांना विचारत गेले. एकीमागून एक तेच. कुणी चारनंतर पाणी सोडलेलं, कुणी रात्रीची आमटी सोडलेली कारण ती पातळ. बायकांच्या मजल्यावर रात्री एकच सेविका. तिला त्रास नको म्हणून या सगळ्या शहाण्या, समजूतदार बायका रोज थोडं थोडं कमी खात होत्या. आयुष्यभर सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाल्लेल्या या बायका. वाढपी पंक्तीतून “देऊ का?” असं विचारतो तेव्हा त्याचा डाव पुढच्या ताटाकडे वळलेलाही असतो. अशा वेळी “वाढ बाबा” असं तोंडातून निघायला जी सवय लागते ती त्यांना कधी लागलीच नाही. पुरुषांच्या पंक्तीत मी बघितलं, तिथे वाटी पुढे करणारे होते.

वेळेचंही तसंच. रात्रीचं जेवण साडेसहाला, कारण स्वयंपाकाच्या मावशींना आठची शेवटची बस धरायची असते. सकाळी सहाला चहा आणि दोन बिस्किटं, नाश्ता साडेआठला. म्हणजे दोन जेवणांत चौदा तास. अमेरिकेच्या नियमांत रात्रीचं भरपेट जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत चौदा तासांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. ते वाढवायचं तर झोपताना काहीतरी पौष्टिक द्यावं लागतं. या आश्रमात ही मर्यादा रोजच गाठली जाते, आणि तीही संध्याकाळचं जेवण भरपेट झालं असं धरून.

व्यवस्थापकांशी बोलून मी सगळ्यांची वजनं घ्यायला सुरुवात केली. यात मला पूर्वीच्या कामाचा आधार झाला, आणि आश्रमातल्या एका सेविकेचाही. ती मोखाड्याकडची. तिच्या मुलाचं टिंब तिने अंगणवाडीत पाहिलेलं होतं, आलेख म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने आखीव वहीत प्रत्येक आजीचं पान केलं. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. त्यासाठी शिंप्याचा टेप पुरतो. पोटरीचा जिथे सर्वांत जास्त घेर असतो तिथे मोजायचं. ३१ सेंटिमीटरच्या आत भरली की सावध व्हायचं. जगभर वापरली जाणारी एक छोटी प्रश्नावलीही आहे, १९९० च्या दशकात तयार झालेली, तिचं आटोपशीर रूप सहा प्रश्नांचं: गेल्या तीन महिन्यांत खाणं कमी झालंय का, वजन उतरलंय का, हिंडता-फिरता येतं का, मोठा आजार किंवा मनाला धक्का बसलाय का, स्मरण आणि मन कसं आहे, आणि शेवटी उंचीच्या मानाने वजन किंवा पोटरीचा घेर. चौदापैकी सात किंवा त्याहून कमी गुण आले तर माणूस कुपोषित. आठ ते अकरा म्हणजे धोक्यात. आश्रमात ती भरून घेतली तेव्हा निम्म्याहून जास्त माणसं बाराच्या खाली होती, आणि त्यांत चांगली पेन्शन असलेली, परदेशातून मुलांचे पैसे येणारी माणसंही होती. पाड्यावर कुपोषणाचं मूळ शोधताना मी आधी घरातली धान्याची कणगी बघायचे. इथे कणगी भरलेली होती.

डॉक्टरांना मी ती वही दाखवली. तरुण आहेत, त्यांनी मनावर घेतलं. एक आजोबा पंचाऐंशीच्या पुढचे, हाडाची काडं झालेली, आणि त्यांच्या ताटात भात नाही, केळं नाही, बटाटा नाही. का, तर पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी मधुमेहाचं पथ्य लिहून दिलं होतं, ती चिठ्ठी अजून कपाटाच्या दाराला चिकटवलेली होती. डॉक्टरांनी साखर तपासली, गोळी कमी केली आणि पथ्य सैल केलं. या वयात वजन उतरत असताना कडक पथ्याने फायद्यापेक्षा तोटाच जास्त होतो, असं ते म्हणाले. काहींच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडत होतं, काहींना मेटफॉर्मिनने मळमळ होत होती, त्यांत जमेल तेवढे बदल केले. हे काम डॉक्टरांचंच. आपण गोळ्यांना हात लावायचा नाही. पण कोण खात नाही हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, कारण ते येतात सकाळी अकराला आणि जेवण असतं साडेबाराला.

स्वयंपाकघरात मात्र मावशींनी फार मनापासून साथ दिली. पहिल्या दिवशी जरा दुखावल्या होत्या, आपल्या हाताला कुणी नाव ठेवतंय असं त्यांना वाटलं. बादलीजवळ दोघी बसलो तेव्हा त्यांनीच काठ उचलून दाखवला, “दात नाहीत तर हे कसं खाणार हो?” आणि मग त्यांच्याच डोक्यातून गोष्टी निघत गेल्या. आठवड्यातून दोनदा चकोल्या. कणीक डाळीत शिजते, मऊ होते, चावायला काही उरत नाही, आणि डाळ घट्ट करायला निमित्त मिळतं. पोळीचा दुधात कुस्करा. मऊभात, तूप आणि मेतकूट. मेतकुटात हरभरा आणि उडदाची डाळ असते, लहान बाळांना आपण उगाच नाही भरवत. भाजीत दाण्याचं कूट, बारीक कुटलेलं. चहाच्या दुधात दुधाची पावडर. मटकी अख्खी देण्याऐवजी शिजवून घोटलेली. जे खातात त्यांना अंडं, उकडलेलं नको, ते कोरडं लागतं, मऊ भुर्जी. ताटातला ऐवज वाढवायचा नव्हता, म्हाताऱ्या माणसाचं पोट चार घासांत भरतं. त्या चार घासांत जास्त काही बसवायचं होतं.

चवीचा मुद्दाही मावशींनीच काढला. रक्तदाबाच्या चार जणांसाठी सगळ्यांचंच अळणी होत होतं. वयानुसार जिभेची आणि नाकाची धार कमी होते, त्यात मीठमसाला कमी, त्यात स्वयंपाकघर लांब आणि जेवण डब्यांतून येणारं. वास नाही तर भूक कशी लागणार? बायकांच्या कपाटांतून लोणच्याच्या बरण्या निघाल्या, साड्यांच्या घडीत लपवलेल्या. आता वरणाला फोडणी जेवणघरातच दिली जाते, छोट्या शेगडीवर, सगळे बसल्यावर. लसूण तडतडला की माना वळतात. ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांची वाटी आधी बाजूला काढतात, लिंबू-कोथिंबीर घालून देतात.

उपास करणाऱ्या आजी निराळ्याच. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादशा. त्यांना उपास सोडा म्हणणारे पुष्कळ होऊन गेले होते, मी म्हटलं नाही. माझी आई शेवटपर्यंत एकादशी करत होती. त्या एका गोष्टीवर माणसाचं सगळं उभं असतं. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, म्हणून खिचडीत दाण्याचं कूट दुप्पट केलं, सोबत दही. राजगिऱ्याचा लाडू दुधात भिजवून. आजींचा सोमवार टिकला आणि महिन्याला उतरणारं वजन थांबलं.

सर्वांत अवघड ती भरवावी लागणारी माणसं. दुसऱ्या मजल्यावर एक माई आहेत, स्मृतिभ्रंशाच्या. घास तोंडात घेतात आणि गालात धरून ठेवतात. चावायचं, गिळायचं हे विसरतात. एका सेविकेकडे भरवायला सहा-सात जण, तासाभरात सगळे उरकायचे. म्हणून वरण, भात, भाजी, कोशिंबीर सगळं मिक्सरमधून एकत्र काढून मोठ्या चमच्याने. त्या करड्या लगद्याला कसलाच रंग नव्हता की वास नव्हता. माई तोंड फिरवत आणि वहीत “जेवण नाकारले” अशी नोंद होई. मी त्यांच्याशेजारी बसायला लागले. नीट ताठ बसवायचं, समोर बसायचं, डोळ्यांच्या पातळीवर. लहान चमचा. वरणभात वेगळा, भोपळ्याची भाजी वेगळी, म्हणजे पिवळं पिवळं दिसतं, केशरी केशरी. एक घास दिला की थांबायचं. “माई, गिळा” असं सांगून उपयोग नसतो. रिकामा चमचा ओठांना लावला की त्या आधीचा घास गिळतात. हे त्या मोखाड्याच्या सेविकेने शोधून काढलं. सगळं व्हायला चाळीस मिनिटं लागतात. एकदा मी त्यांच्या हातात इडलीचा मऊ तुकडा दिला आणि त्यांनी तो स्वतः तोंडात घातला. नंतर पिकलेल्या केळ्याचे काप, उकडलेल्या रताळ्याच्या फोडी. चमचा म्हणजे काय हे त्या विसरल्या होत्या, हाताने खाणं विसरल्या नव्हत्या. खाताना ठसका लागणाऱ्यांना मात्र असं काही द्यायचं नाही, त्यांना आधी डॉक्टरांना दाखवायचं. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

सगळ्यांची वजनं वाढली असं मी लिहिणार नाही. वन्संची नवी कवळी झाली, त्या ३८ वरून ४१ वर आल्या, तिथेच आहेत. एकदा गेलेला स्नायू या वयात फार थोडा परत येतो. एक तात्या होते, एसटीत कंडक्टर होते. पत्नी गेल्यावर त्यांनी जेवण हळूहळू सोडलं. कुणी काही केलं तरी दोन घास. डॉक्टरांनी नैराश्याची औषधं दिली, थोडे दिवस बरे गेले, पुन्हा तेच. शेवटच्या आठवड्यांत ते ओठ घट्ट मिटून घेत. मुलगा म्हणत होता, नळी घाला. डॉक्टरांनी त्याला बसवून समजावलं की आता शरीरच अन्न मागत नाहीये, बळजबरीने त्यांना त्रासच होईल. आम्ही त्यांचे ओठ ओल्या कापसाने पुसत राहिलो. भुकेला माणूस न बोलता बारीक होत जाणं आणि निघालेला माणूस अन्नापासून दूर होणं, या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात. रोज जवळ बसणाऱ्यालाच फरक कळतो, आणि पहिली दुसरी समजून सोडून दिली जाते याचा मला राग येतो. “वय झालंय, आता एवढंच जाणार,” हे वाक्य मी आश्रमात फार ऐकलं. पाड्यावर मी ऐकायचे, “आमची पोरं बारीकच असतात.”

आता दात्यांविषयी. आश्रमाच्या दारातच काळा फळा आहे, त्यावर आजचं अन्नदान कुणाच्या स्मरणार्थ ते खडूने लिहिलेलं असतं. पितृपक्षात एकही दिवस रिकामा नसतो. पंधरवडाभर पुरी, बटाट्याची भाजी, जिलेबी, गुलाबजाम. पुऱ्या बादलीत जातात, गोड खाल्लं जातं, रात्री कुणाचं पोट बिघडतं, कुणाची साखर चढते, दुसऱ्या दिवशी कुणी जेवत नाही. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. वडिलांच्या तिथीला चार म्हाताऱ्या तोंडी घास पडावा, यात खोटं काय आहे? मी त्यांच्याशी बोलायला लागले. एक गृहस्थ म्हणाले, “पण आमच्या बाबांना श्रीखंड आवडायचं हो.” मी म्हटलं, श्रीखंड जरूर द्या. चक्का म्हणजे उत्तम प्रथिनं, दात लागत नाहीत, सगळे खातात. सोबत पुरीऐवजी मऊभात द्या. त्यांना ते पटलं. दुसऱ्या एक बाई महिनाभराच्या अंड्यांचे पैसे देतात. एका डॉक्टर दांपत्याने आईच्या नावाने सहा जणांच्या कवळ्या करून दिल्या, आणि फळ्यावर ‘कवळीदान’ असं लिहायला व्यवस्थापक संकोचले तेव्हा त्यांनीच आग्रह धरला.

भेटायला येणाऱ्या मुलाबाळांना मी आता सांगते, चारच्या चहाला येऊ नका, साडेबाराला या आणि शेजारी बसून जेवा. आईचं वजन किती हे कार्यालयात विचारा, आकडा मागा. सांगता आला नाही तर येताना काटा घेऊन या.

पाण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पलंगाशेजारी कमोडच्या खुर्च्या आल्या, काही बायका त्या वापरतात, पण रात्री हात धरायला माणूस हवं ते हवंच. रात्री नऊला कपभर दूध किंवा नाचणीचं सत्त्व सुरू केलं तर पहिले काही दिवस बायकांनी कप तसेच झाकून ठेवले, सकाळी साय धरलेली. रात्रीची दुसरी सेविका नेमायची आणि दोघींना जगता येईल इतका पगार द्यायचा, असा अर्ज मी विश्वस्तांना दिला आहे. त्यांचं उत्तर आलं, की महिन्याची फी वाढवावी लागेल आणि निम्म्या लोकांना ती परवडणार नाही. हे खरं आहे, मी हिशेब पाहिला आहे. दिवाळीनंतरच्या बैठकीत पुन्हा विषय निघेल. तोवर तीन कुटुंबांनी मिळून एका सेविकेचा रात्री आठ ते बाराचा पगार उचलला आहे, आणि तेवढ्या वेळात बेल वाजवायला वन्सं तयार झाल्या आहेत.